एका सेंटीमीटरला वीस ठिपके

अन्याय झाला तो रेणुकावर आणि तिचे वडील भिवाजी यांच्यावर. गेल्या वर्षी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. जागा म्हणाल तर माजलगाव तालुक्यातलं एक उसाचं गाव, रेणुकाच्या सासरची बैठकीची खोली. वेळ मी छातीठोक सांगतो, कारण ज्या टीव्हीवरून हा अन्याय झाला त्याच टीव्हीच्या कोपऱ्यात बातम्यांचं घड्याळ चालू होतं. आकडे धुरकट होते, पण वाचता येत होते.

अन्याय करणारा मी.

या अंकाच्या संपादकांनी टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. गमतीही येतील, पण आधी हे लिहून टाकलं, नाहीतर गमतीच्या नादात राहून गेलं असतं. मला माझी सवय माहीत आहे.

माजलगावच्या मोंढ्यामागे माझी टपरी आहे. आयटीआय केलं तेव्हापासून नऊ वर्षं टीव्ही उघडतोय, जोडतोय, भिंतीवर टांगतोय. उरलेल्या वेळात आम्ही चार पोरं ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्ध पत्रकं काढतो. खतातली भेसळ, वजनकाट्यातली खोट, टीव्हीच्या खोक्यावरच्या थापा. लग्नात टीव्ही देण्याघेण्याविरुद्धही एक काढलं होतं. लोकांनी त्याच्या पुड्या करून त्यात शेंगदाणे खाल्ले. खाऊ देत. निदान कागद तरी हातात गेला.

तर थापांबद्दल. टीव्हीचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. जितके ठिपके जास्त तितकी नक्षी बारीक निघते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलं असेल तर बहुतेक आडवे तेराशे सहासष्ट आणि उभे सातशे अडुसष्ट, मिळून साडेदहा लाख. ‘फुल एचडी’ म्हणजे एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी, मिळून वीस लाखांच्या वर. ‘फोर के’ म्हणजे त्याच्याही चौपट. पडदा मोठा घेतला म्हणून ठिपके वाढत नाहीत. बत्तीस इंचात जेवढे आहेत तेवढेच त्रेचाळीस इंचात पसरले तर ठिपका नुसता जाड होतो. एवढं साधं आहे. पण हे साधं कुणी सांगत नाही, कारण न सांगण्यात फायदा आहे.

सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे ‘फोर के सपोर्ट’. परळीला थर्मल वीज केंद्राच्या रस्त्यावर एक चहाचं हॉटेल आहे. मालकानं त्रेचाळीस इंची टीव्ही आणला, खोक्यावर हेच सोनेरी अक्षरात. मालक रोज सकाळी पडद्यावरची राख पुसायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, परळीत फोर के फक्त माझ्याकडं. एकदा आवाज गेला म्हणून मला बोलावलं. आवाजाचं काम झाल्यावर मी खिशातलं भिंग काढलं. हे भिंग एका म्हाताऱ्या घड्याळवाल्यानं दुकान बंद करताना मला दिलं होतं. पडदा पांढरा केला, चिकटपट्टीचे दोन तुकडे बरोबर एक सेंटीमीटर अंतरावर लावले आणि मधले ठिपके मोजले. लाल, हिरवी, निळी अशा तीन रेघा मिळून एक ठिपका. त्रेचाळीस इंची पडदा खरा फोर के असेल तर सेंटीमीटरला चाळीस भरतात. फुल एचडी असेल तर वीस. इथे भरले चौदा. म्हणजे एचडी रेडी. ‘सपोर्ट’चा अर्थ इतकाच की फोर के चित्र पाठवलं तर हा टीव्ही ते घेतो आणि स्वतःच्या साडेदहा लाख ठिपक्यांत कोंबतो. आठ पदरी रस्त्यावरचे ट्रक आमच्या नाल्याच्या पुलावर आले, म्हणून पूल आठ पदरी होत नाही.

मालक म्हणाला, “हळू बोल बे, गिऱ्हाईक ऐकतंय.”

मी हळू बोललो नाही. पत्रक काढलं. परळीच्या ज्या रमेशशेटच्या दुकानातून तो टीव्ही आला होता त्यांनी मुकाट्यानं बदलून खरा दिला. त्या दिवशी माझं डोकं आभाळाला लागलं. पुढचं सगळं त्या डोक्यानं केलं.

उलटही प्रकार असतात. धर्मापुरीच्या देवळाजवळ एक आजोबा आहेत. ते अंगणापलीकडच्या ओट्यावर बसून घरातला बत्तीस इंची टीव्ही बघतात. मधे एक बैल आणि दोन शेळ्या. पुतण्यानं फोर के घेतला म्हणून त्यांनाही पाहिजे. मी त्यांना समजावलं की आजोबा, एवढ्या लांबून डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, दहा लाख काय न् ऐंशी लाख काय. त्यांनी मला खालीवर बघितलं आणि म्हणाले, “मग तू धंदा कशाचा करतो रे?” अजून विचार करतोय.

आता रेणुका.

रेणुकाचे वडील भिवाजी धर्मापुरीकडचे मेंढरांवाले. लेकीच्या लग्नात टीव्ही द्यायचाच असं त्यांनी मनाशी धरलं होतं. स्वतः परळीला जाऊन, दुकानात दोन तास उभं राहून, त्रेचाळीस इंची फुल एचडी निवडला आणि वाकळेत गुंडाळून टेम्पोत मांडीवर धरून आणला. सासरे दत्ताबापू, माजी सरपंच. बारमाही पाणी, ऊस, आणि बैठकीत कायम दहाबारा माणसं.

टीव्ही भिंतीवर लागला आणि चित्र धुरकट. जावई सचिन क्रिकेटवेडा. त्याचे मित्र सामना बघायला यायचे, तर चेंडू बॅटला लागेपर्यंत कुणाला दिसायचा नाही. एकजण त्याला म्हणाला होता, “सासऱ्यानं टीव्ही दिला का खिडकी दिली बे? बाहेर धुकं पडलंय.” गावभर हसले. हसण्याचा ताप कुणाला होतो ते सांगायला नको. रेणुका रोज त्याच भिंतीखाली झाडू मारत होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी बापूंनी मला बोलावलं. गेलो तर बैठकीत भिवाजी बसलेले. लेकीला पंचमीला माहेरी न्यायला आले होते. दाराशी रेणुकाची पिशवी भरून ठेवलेली. बापू, सचिन, शेजारपाजारचे, भिवाजी धरून बाराजण.

मी टीव्हीकडे बघितलं. बातम्या चालू होत्या, अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. कुठून घेतला विचारलं. परळी, रमेशशेट. मला तेवढं पुरलं. भिंग खिशात होतं. चिकटपट्टी पिशवीत होती. दोन्हींना हात लावला नाही. सभेत बोलतात तसं पाच मिनिटं बोललो आणि शेवटी म्हणालो, “बापू, तुम्हाला फसवलंय. खोक्यावर फुल एचडी, आत अर्धाच माल.”

भिवाजी हळूच म्हणाले, “मी बघितला तवा चांगला दिसत हुता.”

“आबा, दुकानात सगळंच चांगलं दिसतं,” मी म्हणालो.

बैठक हसली. आणि खरं सांगतो, ते हसू मला आवडलं.

बापूंनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, “पाव्हणं, टीव्ही बदलून आणा आन् मग पोरगी न्या. पंचमी काय, दरसाल येती.”

भिवाजी उठले. समोरचा चहा तसाच राहिला. पिशवी आत गेली. मी तेव्हाही गप्प बसलो नाही. आठवड्यात पत्रक छापलं, लाल अक्षरात, ‘भिवाजींना फसवलं कुणी?’ भिवाजींना विचारलंही नाही. त्यांचं नाव परळीपासून माजलगावपर्यंत विजेच्या खांबांवर लागलं. फसलेला म्हणून. लोक मात्र वाचताना ‘फसवा’ असंच वाचत होते, कारण दिलेली वस्तू खोटी निघाली की देणाऱ्याचीच मान खाली जाते. आमच्या भागात हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे.

गणपती उठल्यावर रमेशशेट माझ्या टपरीवर आले. मला वाटलं भांडायला आले. त्यांनी स्टूल ओढलं, पाणी मागितलं, पत्रक खिशातून काढून माझ्या टेबलावर पसरलं.

“मोजलं का?” त्यांनी विचारलं.

मी कंपनी, चित्र, कडा असं काही तरी सुरू केलं.

“मी विचारलं, मोजलं का.”

मी मान आडवी हलवली.

“हॉटेलात माझं चुकलं,” शेट म्हणाले. “कंपनीनं मला थाप मारली, मी गिऱ्हाइकाला मारली. बदलून दिला. पण तू तर भिंग खिशात घेऊन फिरतो.”

मग त्यांच्याकडून कळलं ते असं. पत्रक बघून त्यांनी भिवाजींना निरोप पाठवला होता की खरंखोटं जाऊ द्या, दुसरा टीव्ही घेऊन जा. भिवाजींनी नाही म्हणून कळवलं. बदलला म्हणजे पहिला खोटा होता हे मी कबूल केलं, असं त्यांचं म्हणणं. आधी खोटा आहे का ते सांगा. पंचमीपासून दीड महिना रेणुका माहेरी गेली नव्हती आणि भिवाजी इकडे फिरकले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही वगैरे लिहिणार नाही. आली. पण सकाळी उठल्या उठल्या जे डोक्यात आलं ते मी नऊ वर्षं पोराटोरांना शिकवत आलोय. चित्र धुरकट असेल तर तीन ठिकाणी बघायचं. पडद्याला ठिपके किती, येणाऱ्या चित्रात ठिपके किती, आणि मधली वायर कोणती. मी तिन्हींपैकी एकही बघितलं नव्हतं. डॉक्टरनं नाडीला हात न लावता पेशंट मेला म्हणून सांगावं, तसं.

आधी भिवाजींकडे गेलो. माळावर मेंढरं चरत होती. मी चुकलो म्हणालो. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले.

“मला कावून सांगतो?” ते म्हणाले. “जिथं बोलला तिथं जाऊन सांग.”

बरोबर चला म्हणालो तर नाही म्हणाले. बोलावणं आल्याबिगर त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाहीत. मग मी त्यांना विचारून मोबाइलवर त्यांचं चित्रण घेतलं, फुल एचडीत. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक कोकरू लंगडत होतं, त्याचा खूर तपासत बसले. ते पेन ड्राइव्हवर घालून बापूंकडे गेलो.

मी दारातच सांगितलं की टीव्ही पुन्हा तपासायचाय. बापूंच्या कपाळाला आठी. झालं गेलं, आता परत तमाशा कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी काही बोलायच्या आत रेणुका आतल्या दारात आली. पदर सावरलेला, आवाज अजिबात चढलेला नाही.

“त्या दिवशी बाराजण हुते,” ती म्हणाली. “तेवढे येऊ द्या. मग तपासा.”

सून बैठकीत बोलली म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सचिन उठला आणि चपला घालून शेजाऱ्यांना बोलवायला गेला. त्याचं तेवढं मी विसरणार नाही. भिवाजी सोडून सगळे आले. शिवाय सासूबाई आणि शेजारच्या दोन बायका आतून येऊन भिंतीला टेकल्या.

पडदा पांढरा केला. चिकटपट्टी लावली. भिंग डोळ्याला लावणार, तेवढ्यात रेणुका पुढे आली.

“तुमी नका. तुमचं एकदा ऐकलं. मी मोजते.”

मी भिंग दिलं. लाल-हिरव्या-निळ्या तीन रेघांचा एक ठिपका, हे दाखवलं. चौदा भरले तर मी बोललो ते खरं, वीस भरले तर तुझे वडील खरे, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि मागे सरलो. तिनं सुई घेतली, पडद्याला न लावता ठिपक्यागणिक पुढे सरकवत मोठ्यानं मोजायला लागली. अकरा, बारा, तेरा. चौदाला ती थांबली. भिंग काढून डोळा पुसला. परत भिंग लावलं. पंधरा. सोळा. सतराला सचिननं हुंकार दिला. वीस झाले आणि एकविसाव्याची कड पट्टीखाली गेली.

“वीस,” ती म्हणाली.

कुणाचा विश्वास बसेना म्हणून शेजारच्या मास्तरांनी मोजले. वीसच. मग सचिननं.

“म्हंजे चांगला हाय?” बापूंनी विचारलं.

“पहिल्यापासून चांगला आहे,” मी म्हणालो. “मी न मोजता बोललो. आबांनी खरा माल दिला होता. खोटा मी होतो.”

“मग दिसत का न्हाई?”

मी टीव्हीच्या मागे हात घातला आणि पिवळी, लाल, पांढरी अशी तिरंगी वायर ओढून बाहेर काढली. तिचं दुसरं टोक छत्रीच्या, म्हणजे डिशच्या, डब्यात. डबा बापूंचा, जुन्या खोका टीव्हीच्या काळातला. त्यातून येणाऱ्या चित्रात ठिपके सव्वाचार लाखसुद्धा नाहीत, आणि भरायचे आहेत वीस लाख. चार भाकरींच्या पिठात वीस भाकरी थापल्या तर काय होणार? पातळ होणार, कडा फाटणार. परात मोठी दिली म्हणून परातीला शिव्या घालायच्या का?

भिंतीजवळच्या बायकांना हे आधी कळलं. बैठकीला थोडा वेळ लागला. कुणीतरी म्हणालं, “बापू, डबा तुमचाच की.” बापूंनी त्याच्याकडे जे बघितलं ते बघण्यासारखं होतं.

मी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर माळ आला. एकेका कुसळाला वेगळी कड. मेंढरांच्या कानांवरचे केस. मग भिवाजी, कोकराचा खूर हातात धरलेले. गालाची हाडं, मानेच्या शिरा, दाढीचे पांढरे खुंट, सगळं स्वच्छ. खोली बघत राहिली. क्रिकेटची कुणाला आठवण झाली नाही.

सासूबाई पुढे सरकल्या.

“व्याही लई वाळलेत की,” त्या म्हणाल्या.

रेणुका भिंग मुठीत धरून उभी होती. तिनं फक्त सासऱ्यांकडे बघितलं. बापूंनी खिसे चाचपले, फोन काढला आणि सगळ्यांसमोर लावला.

“पाव्हणं, दत्ता बोलतोय. टीव्ही चांगला हाय तुमचा. आमचाच डबा जुना हुता. पोरीला न्यायला या.” पलीकडून काही तरी उत्तर आलं. बापूंनी फोनकडे बघितलं आणि म्हणाले, “मेंढरं कुणाकडं तरी लावून देतो आन् उद्या येतो म्हणले. ठेवला बी.”

भिवाजी दुसऱ्या दिवशी आले. रेणुका पंधरा दिवस राहून आली. तिची त्या वर्षीची पंचमी मला परत देता येणार नाही. भिवाजी रस्त्यात भेटले तर मान हलवतात, बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

आम्ही दुसरं पत्रक काढलं. तेवढ्याच मोठ्या लाल अक्षरात, तेवढ्याच खांबांवर, ‘भिवाजी खरे, आम्ही खोटे’. आमच्यातला एकजण म्हणत होता की यानं चळवळीची पत जाईल. झालं उलटंच. रमेशशेटनी ते स्वतःच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलं आणि काउंटरला दोरीनं एक भिंग बांधलं, बँकेत पेन बांधतात तसं. आता लोक मोजूनच टीव्ही घेतात. एका कंपनीच्या ‘सपोर्ट’वाल्या मालाची अख्खी खेप शेटनी परत पाठवली, कारण गिऱ्हाइकांनी दुकानातच चौदा मोजले. मी नऊ वर्षांत जे पत्रकांनी करू शकलो नाही ते दोरीला बांधलेल्या एका भिंगानं केलं.

आणि रेणुका. गावातल्या बचत गटाच्या बायका आता टीव्ही घ्यायला निघाल्या की तिला बरोबर नेतात. मागच्या दसऱ्याला मी दुकानात होतो. विकणारा पोरगा कौतुकानं म्हणाला, “ताई, चित्र बघा किती भारी दिसतंय.” ती म्हणाली, “दिसू दे. पांढरा पडदा लाव.” मग चित्र कुठल्या डब्यातून येतंय, मागे वायर कोणती, घरी डबा कसला, हेही तिनं विचारलं. तिन्ही ठिकाणी बघितलं. माझ्यापेक्षा नीट.

आता तुमच्याकडे येतो. दिवाळीत टीव्ही घेणार असाल तर खोक्यावरचं सोनेरी अक्षर वाचून घेऊ नका. पडदा पांढरा करायला लावा, सेंटीमीटर आखा आणि ठिपके स्वतः मोजा. वर दिलेले आकडे त्रेचाळीस इंचीचे; लहान पडद्यावर जास्त भरायला हवेत, मोठ्यावर कमी. दुकानदाराचं ऐकू नका, शेजाऱ्याचं ऐकू नका, माझ्यासारख्या मोठ्यानं बोलणाऱ्या मेकॅनिकचं तर मुळीच ऐकू नका. हे झालं सोपं काम.

दुसरं अवघड आहे आणि तेच मला तुमच्याकडून पाहिजे. कुणाच्या देण्याला, कुणाच्या मालाला, कुणाच्या लेकीला तुम्ही न मोजता चारचौघांत खोटं म्हणाला असाल. कधी ना कधी म्हणाला आहात. एकट्यात गाठून माफी मागू नका, ती फुकटची असते. ज्यांच्यासमोर बोलला होता ती माणसं गोळा करा. एकही कमी नको. आणि त्यांच्यासमोर मोजा.